कृत्रिम पावसाची सेवा: सोलापूरने काय पाहून विकत घ्यावी?

पावसाने ओढ दिली की जिल्ह्यात ऑगस्टमध्ये कृत्रिम पावसाची मागणी सुरू होते. कागद हलेपर्यंत पोळा होऊन जातो. अशी सेवा शासन घेतं, उद्या एखादा साखर कारखानाही घेईल. हे परीक्षण बिल भरणाऱ्याच्या बाजूने केलेलं आहे.

आधी जमेची बाजू. पुण्याच्या आयआयटीएम या केंद्रीय हवामान संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाच्या ‘कायपीक्स’ प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातच केला. रडार होतं, दोन विमानं होती: एक बीजनासाठी, म्हणजे ढगात पाऊस पाडणारे कण सोडण्यासाठी, दुसरं ढगाच्या आतली मोजमापं घेण्यासाठी. २७६ ढग अभ्यासले. काहींत बीजन केलं, काही मुद्दाम तसेच सोडले आणि मग दोन्हींची तुलना केली. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये मात्र सरासरी वाढ १८ टक्के आली. विकणारा ४६ सांगतो, घेणाऱ्याने १८ धरावेत.

कारण हे १८ टक्के पडणाऱ्या पावसावरचे आहेत. १० मिलिमीटरची सर येणार असेल तर हाती जादा येतात १.८ मिलिमीटर. ऑगस्टच्या उन्हात एवढं पाणी दिवसभरात उडून जातं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या पेरणीआधी सप्टेंबरात मोठ्या सरी वाढल्या, तर ओल खाली मुरते आणि तिथे या सेवेला अर्थ आहे. सांगोल्याची डाळिंबं ऐन खंडात वाचवायची असतील तर ही सेवा चुकीची आहे.

प्रयोगातल्या हिशेबाने पाणी लिटरला १८ पैशांना पडलं. ऐकायला स्वस्त वाटतं. पण १० हजार लिटरचा टँकर त्या दराने १,८०० रुपयांचा होतो. एक एकराला २५ मिलिमीटरची पाळी म्हणजे साधारण एक लाख लिटर, म्हणजे १८ हजार रुपये. देशी विमान वापरलं तर खर्च निम्म्याहून खाली येईल, असं त्याच प्रयोगाचं म्हणणं आहे. तरीही हा दर उसाला परवडणारा नाही.

आता प्रत्यक्ष काम. आपल्याकडचे पावसाळी ढग तळाशी उबदार असतात. त्यांच्या तळाखाली, हवा वर चढते तिथे, विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या पेटवतात. त्यांना फ्लेअर म्हणतात. धुरात कॅल्शियम क्लोराइडसारख्या ओलावा धरणाऱ्या क्षाराचे कण असतात. ढगात धुळीमुळे खूप बारीक थेंब झालेले असतात आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत. क्षाराच्या मोठ्या कणांवर मोठे थेंब तयार होतात, ते बारक्यांना गिळत वाढतात आणि खाली येतात. सिल्व्हर आयोडाइड हा वेगळा माल. तो शून्याखाली थंड झालेल्या उंच भागासाठी असतो. निविदेत नुसतं ‘बीजन साहित्य’ लिहिलं असेल तर दोन्हींपैकी काय, ते विचारावं.

बिघडतं ते बहुधा वेळेवरून. एकेका ढगाचं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं. रडारवर ठिपका लाल झाल्यावर लांबच्या धावपट्टीवरून निघालेलं विमान पोहोचतं, तेव्हा ढग ओसरू लागलेला असतो. वर चढणारी हवा नसेल तर नळकांडी जळते आणि कण ढगात जातच नाहीत. बिल मात्र उड्डाणाच्या तासांवर आणि जाळलेल्या नळकांड्यांच्या संख्येवर निघतं, त्यामुळे वाया गेलेली नळकांडीही मोजली जाते. आणि कोरड्या आठवड्यात ढगच नसतील तर कुठलंही रसायन काही करू शकत नाही.

मोजणीही कच्ची असते. महसूल मंडळागणिक एक पर्जन्यमापक धरला, तर शंभराहून जास्त चौरस किलोमीटरमागे एक भांडं येतं. त्यावरून १८ टक्क्यांची वाढ पकडताच येत नाही. त्यासाठी रडारची नोंद आणि तुलनेला न छेडलेले, म्हणजे बीजन न केलेले ढग, दोन्ही लागतात.

‘विमान ढग पळवतं’ ही गावागावांत ऐकू येणारी तक्रार. तिला थट्टेने नव्हे, माहितीने उत्तर द्यायला हवं. विमान सोडतं ते किती थोडं असतं, ते पाहा: किलोभराच्या डझनभर नळकांड्या १०० चौरस किलोमीटरवर पसरल्या तर हेक्टरी जेमतेम एक ग्रॅम पडतो. हा आकडा आधी चावडीवर लावला तर निम्मी भीती जाते.

अमेरिकेत याच भीतीने काही राज्यांत कायद्याचं रूप घेतलं. टेनेसीने २०२४ मध्ये हवामान, तापमान किंवा सूर्यप्रकाश बदलण्यासाठी हवेत काही सोडायला बंदी घातली. फ्लोरिडाने २०२५ मध्ये जुनी परवाना पद्धत मोडून बंदी आणली: १ लाख डॉलरपर्यंत दंड, ५ वर्षांपर्यंत कैद. लुइझियानाही त्याच वर्षी त्या वाटेने गेलं. सूर्यप्रकाश परतवण्यासाठी वीसेक किलोमीटर उंचीवर गंधकाचे कण सोडण्याची कल्पना आणि ढगाच्या तळाशी दीड किलोमीटरवर क्षार सोडणं, ही दोन वेगळी कामं या बंद्यांनी एका पोत्यात घातली. ते चूक वाटतं. टेक्सासची रीत बरी: चालवणाऱ्याला परवाना, प्रत्येक कामाला वेगळी परवानगी, आणि त्या भागातल्या वर्तमानपत्रात सलग तीन आठवडे जाहीर सूचना. १९७१ च्या केंद्रीय कायद्याने तिथे अशा कामाची नोंद सरकारकडे द्यावीच लागते.

आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. विमानाला हवाई वाहतुकीच्या परवानग्या लागतात, पण ढगाचं काय केलं हे विचारणारं कुणी नाही. म्हणून सगळं करारातच लिहून घ्यावं लागतं: प्रत्येक नळकांडीची वेळ, अक्षांश-रेखांश आणि तिथल्या वर चढणाऱ्या हवेचा वेग, ठरलेल्या वाट्याचे ढग न छेडता सोडणं, रडारची कच्ची नोंद खरेदीदाराच्या ताब्यात, तपासणी तिसऱ्याकडून. करार मेपर्यंत व्हावा, नाहीतर परवानग्यांत पावसाळा निघून जातो.

थांबण्याची अट तर आधी हवी. जुलै २०२५ मध्ये टेक्सासात पूर आला, तेव्हा दोन दिवस आधीच्या बीजनावर खापर फुटलं. शास्त्रज्ञांनी तो संबंध नाकारला, पण आरोप करणारे थांबले नाहीत. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्यातल्या सीना नदीला महापूर आला. उजनी धरणातून विसर्ग सुरू असताना किंवा हवामान खात्याचा मुसळधारेचा इशारा असताना विमान उडणार नाही, हे कलम नसेल तर करारावर सही करू नये.