लोड बॅलन्सर उठतच नाही: एन्जिनएक्स की एचएप्रॉक्सी?

जळगावात वीज गेली-आली की सगळ्या मशीन एकदम उठतात, आणि नेमका लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरांत वाटून देणारा प्रोग्राम; एन्जिनएक्स आणि एचएप्रॉक्सी हे त्यातलेच दोन) पडून राहतो. रावेरच्या केळीचे भाव दाखवणाऱ्या आमच्या साइटवर एका पहाटे हेच झालं. व्यापाऱ्यांचे फोनवर फोन, आणि लॉगमध्ये एन्जिनएक्सची एकच ओळ: अपस्ट्रीममधलं, म्हणजे मागच्या सर्व्हरांच्या यादीतलं, होस्टचं नाव सापडत नाही. नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस अजून उठलंच नव्हतं. एका नावापायी अख्खी साइट बंद!

एचएप्रॉक्सीही मुळात असाच अडतो. पण 2016 च्या 1.7 आवृत्तीपासून त्यात ‘इनिट-अ‍ॅडर’ ही सेटिंग आहे, सुरुवातीला सर्व्हरचा पत्ता कुठून घ्यायचा ते सांगणारी. त्यात शेवटी ‘नन’ लिहिलं की पत्ता न मिळालेला सर्व्हर डाऊन धरून बाकीचं काम चालू होतं. सोबत ‘रिझॉल्व्हर्स’ (नंतरही डीएनएसला पत्ता विचारत राहणारा भाग) जोडाच, नाहीतर तो सर्व्हर डाऊनच राहील. वीज बेभरवशाची असेल तिथे मी एचएप्रॉक्सीच लावेन.

एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटच्या बाबतीत मात्र एन्जिनएक्स सोपा, सर्टिफिकेट आणि त्याची खाजगी किल्ली (‘की’) सरळ दोन ओळींत.

पोर्ट 80 (साइटच्या विनंत्या येतात ते दार) आधीच दुसऱ्या प्रोग्रामने धरलं असेल, तरी दोघांचीही कॉन्फिग (सेटिंगची फाइल) तपासणी बिनतक्रार पास होते, आणि अडतं ते प्रत्यक्ष सुरू करताना. म्हणून आधी रूट (मशीनचा मुख्य वापरकर्ता) होऊन ‘एसएस -एलटीएनपी’ (ss -ltnp) ही आज्ञा चालवा आणि तिथे कोण बसलंय ते बघा.