नमुना अस्सल, कॅन नकली: नागपुरात मोल्डसाठी लॅटेक्स घेणाऱ्यांनी वाचावं

नागपुरात दिवाळीचे किल्ले, रेल्वेचे लेआउट (छोट्या प्रमाणातल्या प्रतिकृती), डायोरामा (छोटे त्रिमित देखावे), गणपतीची आरास असलं काही करणाऱ्यांना एक माणूस 'केरळचा मोल्ड लॅटेक्स', म्हणजे साचे करायचा रबराचा चीक, विकतो. दुकान नाही, पाटी नाही. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, यूपीआयने पैसे आणि इतवारीच्या एखाद्या चौकात कॅन हातात. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, आणि नाव तो उद्या बदलेलही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहितो.

आम्ही काही मित्र मिळून नागपूर–छिंदवाडा नॅरोगेजचा लेआउट करतोय. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली. मूळ रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे १:८७ प्रमाणात जेमतेम ९ मिलिमीटर, त्यामुळे एन गेजचा, म्हणजे मॉडेल रेल्वेतला ९ मिलिमीटरचा, तयार रूळ चालून जातो. अडतं ते घाटापाशी. रामाकोना ते उमरानाला या टप्प्यातले कापलेले कातळ थर्माकोल कोरून केले, की ते थर्माकोलच दिसतात. त्यावर जुना उपाय आहे: खऱ्या दगडावर लॅटेक्स रबराचे थर द्यायचे, वाळलं की सोलून काढायचं आणि त्या साच्यात प्लास्टर ओतायचं. मुठीएवढ्या दगडावरच्या चिरा छोट्या प्रमाणात अख्ख्या कड्याच्या वाटतात. आमचा सगळ्यात देखणा कडा तर दगडाचा नाहीच, दगडी कोळशाच्या ढेकळाचा आहे. कोळसा पापुद्र्यापापुद्र्याने, धारदार फुटतो, आणि आपल्या भागात भट्टीवाल्याकडे मागितला तरी एखादं ढेकूळ मिळतं. सेमिनरी हिल्सचे गोलसर दगड मात्र या कामाला बेकार.

तर या माणसाने आधी छोट्या बाटलीतून नमुना दिला, फुकट. नमुना अस्सल होता, शंकाच नाही. झाकण उघडताच अमोनियाचा भपका आला, कारण झाडाचा चीक आंबू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. पहिला हात पातळ, ब्रशच्या टोकाने टिपत दिला, म्हणजे चिरांत हवा अडकत नाही. वाळताना दुधाचा रंग जाऊन मधासारखा पिवळट, अर्धपारदर्शक झाला. मग एकावर एक थर, मध्ये मजबुतीला बँडेजच्या जाळीचे तुकडे, शेवटी टाल्कम पावडर आणि सोलणं. साचा उलटा करून ओढला तरी सोडताक्षणी जागेवर. सगळे खूश. लगेच वर्गणी काढून पाच-पाच किलोचे दोन कॅन मागवले. सहा हजार रुपये आगाऊ.

कॅनमधला मालही पांढरा होता आणि अमोनियाचा वासही होता. हा वास त्याने वरून घातला असावा असं आता वाटतं, कारण नवशिक्याला 'वास बघा' एवढंच सांगितलेलं असतं. थर दिले, वाळले. पण पिवळटपणा आला नाही, काचेसारखं स्वच्छ झालं. सोलताना ओढलं ते ओढलेलंच राहिलं. त्यात प्लास्टर ओतलं तेव्हा खरी गंमत कळली. प्लास्टरच्या पाण्याने साचा आतून परत पांढरा, बुळबुळीत झाला आणि प्लास्टरला असा चिकटला की दोन्ही खरवडून काढावे लागले.

फोन केला तर उत्तर तयार. "भाऊ, तुम्ही कोट जाड मारून राहिले. पावसाळी हवा आहे, वाळायला टाइम द्या ना." दिला. पुन्हा तेच. मग म्हणे दगड ओला असेल. मग प्लास्टर घट्ट झालं असेल. मग जाळीचं कापड चुकीचं. यातलं एकेक कारण खरंही असू शकतं, आणि या धंद्यात फसवणाऱ्याचं फावतं ते इथेच. जाड थर आतून ओला राहतो, दमट हवेत लॅटेक्स वाळायला वेळ घेतं, वाईट प्लास्टर चिकटतं, हे सगळं खरं आहे. बिघाड कळेपर्यंत दिवस उलटलेले असतात आणि हात आपलेच लागलेले असतात. दुधात पाणी घातलं तर दूधवाल्याला त्याच सकाळी विचारता येतं. इथे मालाचा दोष कारागिराच्या हाताखाली झाकला जातो. आमच्यातला एकजण तर स्वतःचा ब्रश बदलून आला!

यानंतर त्याने 'हार्डनर' काढला. छोटी बाटली, साडेचारशे रुपये, 'हे टाकल्याशिवाय पक्कं होत नाही, सगळे टाकतात.' इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा घंटा वाजली. मोल्डसाठीचं लॅटेक्स आधीच व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे रबर पक्कं करायची प्रक्रिया झालेलं येतं. त्यातलं पाणी उडालं की रबर तयार. त्याला वेगळं काही लागतच नाही. दोन भाग मिसळण्याचा प्रकार सिलिकॉन रबरात असतो. बाटली घेतली नाही. तेव्हा म्हणाला, "मग तुम्ही माझा रविवारचा क्लास करा, टेक्निकमध्ये गडबड आहे तुमच्या." म्हणजे खराब माल विकायचा, तो सुधारायचं औषध विकायचं आणि तेही नको असेल तर शिकवणीची फी घ्यायची. एकाच कॅनवर तीनदा कमाई. माणूस हुशार आहे, हे मान्य करावंच लागेल.

आमचा एक मित्र एलआयटीत (नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) केमिकल शिकलेला. त्याला कॅन दाखवला तर त्याने प्रयोगशाळा वगैरे काही काढली नाही, स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागितलं. दोन वाट्यांत थोडं-थोडं: एकीत नमुन्याचं उरलेलं लॅटेक्स, दुसरीत कॅनमधला माल. व्हिनेगर भरपूर घालून ढवळलं, कारण आधी अमोनिया मरावा लागतो. पहिल्या वाटीत पनीर फाटावं तसा गोळा जमला आणि पिळल्यावर तो चक्क रबरासारखा उसळला. दुसऱ्या वाटीत दोन-चार तंतू आले, बाकी तसंच दूध. थोडं लॅटेक्स आणि बाकी लाकूडकामाचा पांढरा डिंक असावा, हे त्याचं मत. वाळलेली पट्टी पाण्यात ठेवली तेव्हा ते आणखी स्पष्ट झालं. अस्सल रबरही पाण्यात बराच वेळ राहिलं तर थोडं पांढुरकं होतं, त्याने घाबरू नका, पण ताण सोडत नाही. आमच्या पट्टीचा बोटात लगदा झाला.

वजनाचीही एक परीक्षा त्याने सांगितली. केंद्रापसारी यंत्रातून काढलेल्या चांगल्या लॅटेक्समध्ये साधारण ६० टक्के कोरडं रबर असतं. म्हणजे काचेवर १० ग्रॅम पसरून पूर्ण वाळवलं तर ६ ग्रॅमच्या आसपास उरायला हवं. सोनाराकडचा किंवा घरातला बारीक काटा पुरतो. ३-४ ग्रॅमच उरले तर पाण्याचे पैसे मोजलेत. मात्र वजन बरोबर आलं म्हणून माल बरोबर असं नाही, डिंक आणि खडूची भुकटीही वजन देतात. व्हिनेगर आणि ताण या दोन परीक्षा आधी घ्याव्यात.

आणखी एक घोळ या माणसाचा नाही, बाजाराचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात 'लॅटेक्स' मागितलं की बऱ्याचदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं एसबीआर (कृत्रिम रबराचं द्रावण) देतात. तेही पांढरं दूधच दिसतं. दुकानदार फसवत नसतो, त्याच्यासाठी लॅटेक्स म्हणजे तेच. सिमेंटमध्ये ते उत्तम, साच्याला उपयोगाचं नाही. तेव्हा 'मोल्डसाठीचं, प्री-व्हल्कनाइझ्ड, नैसर्गिक' हे तिन्ही शब्द उच्चारून मागा आणि बिलावर लिहून घ्या.

बिलावरून आठवलं. कॅनवर ना उत्पादकाचं नाव, ना महिना-वर्ष, ना किंमत, ना तक्रारीचा नंबर. पॅकबंद मालावर हे असणं २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. यूपीआयवर नाव दिसलं ते भलत्याच बाईचं. विचारलं तर 'वहिनीचं खातं आहे' असं उत्तर. पैसे परत मागितल्यावर आधी 'कॅन आणून द्या' म्हणाला, कॅन घेऊन जायची वेळ ठरवली तर आला नाही, मग नंबर ब्लॉक.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तिथून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मित्र म्हणतात, सहा हजारांसाठी कशाला? पण किल्ला स्पर्धेतली पोरं खाऊच्या पैशांतून अर्धा-अर्धा किलो घेतात, ती कुठे जाणार?

उरलेला कॅन आम्ही फेकला नाही. सील करून ठेवलाय, सोबत फसलेला साचा, प्लास्टर चिकटलेला तुकडा, चॅटचे स्क्रीनशॉट आणि नमुन्याची बाटली. तुमच्याकडे निळ्या झाकणाचा, हाताने चिकटवलेल्या लेबलचा पाच किलोचा कॅन असेल, तर आज वाटीभर काढून व्हिनेगर घालून बघा आणि घालतानाचा व्हिडिओ करा. दूध तसंच राहिलं तर तोही कॅन धुऊन टाकू नका. तक्रारीला एकापेक्षा जास्त कॅन हवे आहेत.