सोसायटीचं दप्तर स्कॅन झालं, आता शोधायचं कशात: पेपरलेस-एनजीएक्स की साधं ओसीआरमायपीडीएफ?

पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या कपाटात काय असतं ते ठाऊकच आहे: इतिवृत्तं, मिळकतकराच्या पावत्या, इंडेक्स टू, कंत्राटदारांचे करारनामे. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. ओसीआरमायपीडीएफ हा स्कॅनमधली अक्षरं ओळखून (म्हणजे ओसीआर करून) पीडीएफमागे शोधता येणारा मजकूर ठेवणारा प्रोग्रॅम. पेपरलेस-एनजीएक्स हे कागद साठवून ब्राउझरमधून शोधायचं सॉफ्टवेअर. ३०० डीपीआयला स्कॅन केलं असेल तर वाचनाच्या दर्जासाठी या दोघांत निवड करू नका. पेपरलेसही आतून ओसीआरमायपीडीएफच चालवतं, आणि अक्षरं ओळखतं ते टेसरॅक्टच. पेपरलेसच्या डॉकर प्रतीत (बसवायला तयार मिळणाऱ्या पॅकेजात) मराठी आधीपासून नसते, ती जोडून भाषा ‘मराठी अधिक इंग्रजी’ ठेवायची, एवढंच.

लेबलं, तारखा, कमिटीतल्या चौघांना ब्राउझरमधून प्रवेश, यात पेपरलेस सरळ पुढे आहे.

माझं घोडं अडलं ते शोधापाशी. पेपरलेसचा मजकूर-शोध वर्षानुवर्षं व्हूश या पायथन लायब्ररीवर चालत आला. तिच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत. त्यामुळे शब्द तिथेच तुटतो, आणि एकटं उरलेलं अक्षर टाकून दिलं जातं. ‘पावती’चं उरतं फक्त ‘वत’, म्हणून ‘देवता’ असलेला कागदही समोर येतो. ‘नोटीस’चे न, ट, स तिन्ही सुटे पडतात आणि शोधायला काही उरतच नाही. ओसीआर उत्तम झालेलं असतं, कागद मात्र सापडत नाही. वाट आहे: यादीवरच्या गाळणीत ‘शीर्षक आणि मजकूर’ निवडलं की शोध थेट डेटाबेसमध्ये होतो आणि मराठी शब्द सापडतो. पण हे कमिटीतल्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दुसरीकडे ओसीआरमायपीडीएफ करून पीडीएफटूटेक्स्टने प्रत्येक फाइलशेजारी मजकुराची फाइल काढली की फाइलींत शब्द शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा पुरते. ओसीआरमायपीडीएफ स्वतःच सोबत देतं ती मजकुराची ‘साइडकार’ फाइल मी वापरत नाही. ‘मजकूर असेल तर वगळा’ या पद्धतीत वगळलेल्या पानांचा मजकूर तिच्यात येत नाही. शोधताना ‘करारनामा’ नव्हे, ‘करारनाम’ लिहायचं, म्हणजे करारनाम्यात, करारनाम्याची, सगळं हाती लागतं.

ओसीआरमायपीडीएफ स्वतः चालवण्याचं आणखी एक कारण आहे. मोबाइलच्या स्कॅन अ‍ॅपने मराठी पानामागे इंग्रजी कचऱ्याचा थर चिकटवलेला असेल तर ‘रीडू’, म्हणजे तो थर काढून पुन्हा ओसीआर करायची पद्धत, लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात बनलेल्या पीडीएफमध्ये दिसतं देवनागरी, आत असतात रोमन चिन्हं. तिथे ‘रीडू’ने भागत नाही, ‘फोर्स’च हवं. ते अख्खं पान चित्र करून नव्याने वाचतं, फाइल फुगते, म्हणून सरसकट लावू नये. पेपरलेसमध्ये ही पद्धत सगळ्यांना मिळून एकच ठरते. फोल्डरवार चालवताना ती हवी तशी बदलता येते.

शोधणारे चौघे असतील आणि आज्ञा टाइप करायची काळी खिडकी कुणालाच नको असेल, तर पेपरलेस घ्यावं, गाळणीची सवय लावावी. शोधणारा एकच चिटणीस असेल तर मी फोल्डर आणि ग्रेपच सुचवेन. आकडे मात्र दोन्हीकडे दोनदा शोधा, 2019 आणि २०१९. संगणकाला ते वेगळे आहेत, आणि टेसरॅक्ट एकाच पानावर दोन्ही लिहून ठेवतं.