कात्रज, हैदराबाद की आपलं नान्नज?

"काका, पोरांना वाघ दाखवायचाय. पुण्याला नेऊ का हैदराबादला?" गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. घरात सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि गुडघे धरलेली आमची वहिनी. गाडी दारात आहे, पण मोकळा रविवार एकच.

हा प्रश्न सोलापूरकरालाच पडू शकतो. महामार्ग ६५ धरून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत गेलात की साधारण अडीचशे किलोमीटरवर पुणे. उलटीकडे नळदुर्ग, उमरगा केलंत की तीनशेच्या आसपास हैदराबाद. फरक पन्नासच किलोमीटरचा वाटतो आणि तिथंच माणूस फसतो.

बाग म्हणून बघाल तर हैदराबादला तोड नाही. नेहरू झूऑलॉजिकल पार्क १९६३ साली सुरू झालं, पसारा ३८० एकरांचा. पुण्यातलं कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांचं, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. हैदराबादेत बंद गाडीतून वाघ-सिंहांची सफारी आहे, बागेत फिरणारी छोटी रेल्वे आहे. निशाचर प्राण्यांच्या घरात तर दिवसा अंधार करून ठेवतात, त्यामुळे एरवी दिवसभर झोपणारे प्राणी आपल्या डोळ्यांसमोर हिंडताना दिसतात. मुलं तिथून बाहेर यायलाच तयार नसतात.

पण जायला सहा तास आणि यायला सहा तास, मग बागेत राहणार किती? पहाटे पाचला निघालात तरी बागेत शिरेपर्यंत अकरा-साडेअकरा. ३८० एकर पुरे होण्याआधी पोरं पेंगायला लागणार आणि रात्री उमरग्याच्या पुढं समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर घेत तुम्ही गाडी हाणणार. हैदराबादला जायचं तर मुक्कामाच्या तयारीनं जा. दुसऱ्या दिवशी चारमिनारही होतो, बागेपासून जवळच आहे.

एका दिवसात वाघ बघून घरी झोपायला यायचं असेल तर कात्रजच. आणि तेही गाडीनं नको, रेल्वेनं. हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते, साडेदहाला पुणे. संध्याकाळी सहाला तीच गाडी पुण्याहून परत निघते, दहाला आपण घरी. वंदे भारत नऊ-सव्वानऊलाच पोचवते, त्यामुळे बागेत तासभर जास्त मिळतो, पण चार-पाच तिकिटं म्हटल्यावर खिसा जाणवतो. शिवाय आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार बघून घ्या. पुणे स्टेशनावरून मेट्रो धरायची, सिव्हिल कोर्टला बदलायची आणि स्वारगेटला उतरायचं. तिथून कात्रजची बस कधीही मिळते. आमच्या नातीला विचाराल तर वाघापेक्षा ती जमिनीखालची मेट्रोच जास्त आवडली होती.

कात्रजची खरी मजा सापांची आहे. प्राणिसंग्रहालय व्हायच्या आधीपासून तिथं सर्पोद्यान आहे आणि त्याची घडी अजून जाणवते. नागराजाच्या काचेसमोर नात नाक टेकून उभी राहिली. तिच्याच श्वासानं काच धुरकट झाली, तिनं बाहीनं पुसली, आणि तेवढ्यात त्यानं मान वळवली. ती दोन पावलं मागं सरकली ती थेट माझ्या पायावर. वाघ मात्र दुपारी बहुतेक झोपलेलाच असतो. आधी वाघाकडं जा, ऊन चढलं की सापांकडं.

चालणं बरंच आहे, चढ-उतारही आहेत. गुडघेदुखीच्या माणसासाठी आत बॅटरीवर चालणारी गाडी असते, पण रविवारी तिच्यासाठी रांग लागते. पिशवीत प्लास्टिक नको. खायचं आधी उरकायचं. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे रेल्वेतच संपवा, उगाच वर्तमानपत्रात गुंडाळून बागेत नेऊ नका.

आणि वार! कात्रज बुधवारी बंद, हैदराबाद सोमवारी बंद. आम्ही एकदा एका बागेच्या बंद फाटकासमोर दोन लहान मुलं घेऊन उभे होतो. पाटीवर वार ठळक लिहिलेला होता. बायकोनं काही बोलायचं शिल्लक ठेवलं नाही.

आता नान्नज. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासाचा मामला. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते हेच. माळढोक दिसेल असं मुलांना सांगून नेऊ नका, तो आता अगदी दुर्मिळ झालाय. काळवीट मात्र सहसा निराश करत नाहीत. गवतातून वर काढलेली पिळाची शिंगं आधी दिसतात, मग एक मादी उसळी मारते, आणि मग कळतं की समोर दोन नव्हे, पंधरा जनावरं आहेत. हिवाळ्यात गवताच्या जेमतेम वरून उडणारे भोवत्या हे शिकारी पक्षीही दिसतात. पिंजरा नाही, काच नाही. तिकडं खायला-प्यायलाही काही नाही आणि सावली फारशी नाही, म्हणून पाणी घरूनच न्यायचं. सकाळी उजाडताना किंवा चारनंतर जायचं, मळकट रंगाचे कपडे घालायचे, इंजिन बंद करून गप्प बसायचं. तीन वर्षांचं पोर गप्प बसतं का, हा भाग वेगळा. सीझन असेल तर परतताना द्राक्षं घ्या. सोनाका हा वाण मूळचा याच नान्नजचा.

पुतण्याला मी सरळ सांगितलं. वहिनीला आणि धाकटीला घेऊन एकदम कात्रजला जाऊ नको. या रविवारी सकाळी सगळे मिळून नान्नजला जा, दहाच्या आत घरी या. धाकटीला वाघ अजून दोन वर्षांनी दाखवला तरी चालतो, तिला कुत्रंही वाघच वाटतं. थोरल्याला दिवाळीच्या सुट्टीत हुतात्म्यानं एकट्याला घेऊन जा, बुधवार सोडून. हैदराबाद पुढच्या वर्षी, दोन दिवस काढून.

"आणि आई विचारेल, वाघ कुठाय?"

"तिला सांग, दिवाळीत. आणि हुतात्म्याचं परतीचं तिकीट आधी काढ, सुट्टीत तेच मिळत नाही."