जुन्या जीपचं वायरिंग: जागच्या जागी दुरुस्ती, रिलेचा मधला मार्ग की सगळं नवं?

महिंद्राची जुनी एमएम ५४० किंवा कमांडर, नाहीतर मारुतीची जिप्सी घेताना माणूस इंजिनाचा धूर बघतो, गिअर टाकून बघतो, चेसिसखाली आडवा होऊन गंज शोधतो. वायरिंगच्या बाबतीत मात्र लाइट लागले, हॉर्न वाजला की व्यवहार ठरतो. पुढे पहिल्या पावसात सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसतो, इंडिकेटर दिला की मागचा ब्रेक लाइटही लुकलुकतो, चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. मग सल्ले सुरू होतात. एक वायरमन म्हणतो, "डायरेक्ट करून देतो, अर्ध्या तासाचं काम." दुसरा म्हणतो, "रिले टाका, बाकी आहे तसं चालू द्या." (रिले म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच.) तिसरा म्हणतो, "सगळं उपसून नवं टाकल्याशिवाय हात लावणार नाही."

तिघांचंही खरं असू शकतं, पण वेगवेगळ्या गाड्यांच्या बाबतीत. तक्रारी किती आहेत यावरून हा निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दहा तक्रारींचं मूळ एका सैल अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत, असू शकतं, आणि एकही तक्रार नसलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे जळायला टेकलेली वायर असू शकते. बघायचं ते वायरचं आवरण किती शाबूत आहे आणि आधीच्या हातांनी किती जॉइंट मारून ठेवलेत.

आपल्या भागात हे जास्तच बघावं लागतं. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या जीपा वडापला, म्हणजे गावोगावच्या प्रवासी वाहतुकीला, चाललेल्या असतात. टेप, स्पीकर, छतावरचे दिवे, दोन-दोन हॉर्न अशी प्रत्येक भर कुणीतरी कुठूनतरी करंट उचलून केलेली असते. वस्तू निघून जातात, त्यांच्या वायरी तशाच राहतात. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात, तेही वायरी सोडत नाहीत. काळ्या मातीचा चिखल चेसिसला चिकटला की आठवडाभर ओल धरून ठेवतो, आणि अर्थिंगचे बोल्ट बहुतेक तिथेच असतात.

आधी मीटर, मग खर्च

काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. वायरमनकडे जायचं असलं तरी घ्या, कारण हातात आकडे असले की बोलणं सरळ होतं.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीचं व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.० दिसत असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. गाडी चालू करून, थोडं ॲक्सिलरेटर देऊन १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा तिथून बॅटरीकडे येणारी वायर बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. तो बॅटरीचं पाणी उकळून संपवतो आणि बल्ब उडवत राहतो. सोलापूरच्या मे महिन्यात बॅटरीचं आयुष्य तसंही कमी होतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची पातळी दर पंधरवड्याला बघावी आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. बोअरचं क्षारांचं पाणी घातलेली बॅटरी फार काळ टिकत नाही.

यानंतरची तपासणी सगळ्यात मोलाची, आणि तीच कुणी करत नाही. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवा, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर इंजिन आणि बॅटरी यांच्यामधली वाट खराब आहे. मग नवा सेल्फ बसवून किंवा नवी बॅटरी आणून काही होणार नाही. केबलचं थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी, उघडून बघा. वरून टेप गुंडाळलेली, शेवाळी हिरवट पूड साचलेली, आणि तांब्याच्या तारा बोटाने दाबल्या तर मोडून पडणाऱ्या अशा केबली या गाड्यांत सर्रास सापडतात. बॅटरी ते चेसिस, चेसिस ते इंजिन, इंजिन ते बॉडी या तिन्ही पट्ट्या नव्या घाला. बोल्टखालचा रंग आणि गंज घासून धातू उघडा करा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. इंडिकेटरबरोबर ब्रेक लाइट लुकलुकणं हाही बहुतेक वेळा मागच्या दिव्याच्या अर्थिंगचाच दोष असतो. करंटला घरी जायची नीट वाट नसली की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून केबल आणि खुंट यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी लावा. चावी बंद, दारं बंद, आणि मीटर लावलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका. घड्याळ-टेप नसलेल्या जुन्या जीपमध्ये हा आकडा शून्याजवळ असला पाहिजे, ईसीयूवाल्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) गाडीत ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतो. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीतला निम्मा साठा अडीच दिवसांत. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, दोष त्या सर्किटमध्ये. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा. आतला डायोड गळत असेल तर तो तिथे सापडतो.

जागच्या जागी दुरुस्ती

वरचं सगळं झाल्यावर तक्रार एखाद-दुसऱ्या सर्किटपुरती उरली, आणि वायर वाकवली तर मऊसूत वाकते, आवरणाला चिरा नाहीत, तर नव्या वायरिंगचा खर्च करू नका. तासा-दोन तासांत, थोड्या पैशांत काम होतं आणि मूळ रंगांच्या वायरी शाबूत राहतात. मूळ रंग टिकणं ही मोठी गोष्ट आहे, कारण पुढचा माणूस त्यावरूनच माग काढतो.

अट एकच: दुरुस्ती ही दुरुस्तीच असावी, 'डायरेक्ट' नसावा. डायरेक्ट म्हणजे खराब स्विच किंवा फ्यूज वगळून बॅटरीवरून थेट वायर टाकणं. त्या क्षणी दिवा लागतो, पण ती वायर कुठे घासली तर मध्ये वितळायला फ्यूज नाही, वायरच वितळते. सिगारेटच्या चांदीने बांधलेला फ्यूज दिसला तर त्या सर्किटची पूर्ण तपासणी करा, कारण चांदी लावण्याआधी फ्यूज कशामुळे तरी उडत होता.

जॉइंटही नीट हवा. नुसता पीळ देऊन टेप मारलेला जॉइंट आपल्या रस्त्यांवर ढिला होतो, उन्हाने टेपचा डिंक सुटतो. सोल्डर केला तर तो संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी त्याच कडेला तुटते. रानात जाणाऱ्या गाडीला चांगल्या प्लायरने दाबलेली स्लीव्ह आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी हेच ठीक. घरगुती वायर वापरू देऊ नका. तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं, बोनेटखाली १०० अंशांच्या आसपास टिकणारी बारीक तारांची ऑटो वायर लागते.

रिलेचा मधला मार्ग

बहुतेकांना मी हाच सुचवेन. जुन्या जीपेत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून जातो. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अप्परला मिळून साधारण १० अँपिअर ओढतात. वायर जुनी, स्विचचे पॉइंट काळवंडलेले, त्यामुळे बॅटरीवर १२.६ असताना बल्बपर्यंत पोचताना ११.३ उरतात. व्होल्टेजमधली ही दहा टक्क्यांची घट बल्बच्या उजेडातली जवळजवळ तीस टक्के घट असते. माणूस मग १०० वॅटचे बल्ब आणतो, करंट वाढतो, स्विच आणखी तापतो आणि शेवटी वितळतो.

रिले घातला की जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, त्यासाठी जेमतेम पाव अँपिअर लागतो. खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमार्गे २.५ चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरने थेट बल्बला जातो. त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बमध्ये रस्ता दिसायला लागतो. गाळप हंगामात पंढरपूर किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली वेळेत दिसणं यावर जीव अवलंबून असतो, म्हणून हे काम मी पेंट आणि टायरच्या आधी धरतो. हॉर्न, रेडिएटर फॅन आणि हीटर प्लग असतील तर त्यांनाही स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा. हे सगळं एका दिवसात होतं आणि जुन्या वायरिंगवरचा भार उतरल्याने तेही आणखी काही वर्षं निभावतं.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. डॅशमागच्या वायरीच तडकलेल्या असतील तर समोर चार रिले लावून आतला धोका जात नाही.

सगळं नवं

डॅशबोर्डखाली हात घालून वायरींचा जुडगा जिथे फायरवॉलच्या (केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकातून इंजिनकडे जातो, तिथे एक वायर हलकेच वाकवा. आवरण काडीसारखं कडक असेल, चिरून आतलं तांबं दिसत असेल, भोकातलं रबर गायब असेल, तर विचार करत बसू नका. डॅशवर अँपिअरमीटर असलेल्या गाडीत तर चार्जिंगचा सगळा करंट त्या मीटरच्या दोन नटांमधून जातो. त्यातला एक ढिला झाला की तिथेच आग लागू शकते. नव्या वायरिंगमध्ये तो काढून व्होल्टमीटर बसवावा.

यात दोन पर्याय येतात. तयार हार्नेस, म्हणजे बांधून आलेला वायरींचा पूर्ण संच, मिळाला तर कपलर (वायरी जोडणारे प्लग) जुळतात, रंग मूळचे राहतात, पण तो आपल्याच मॉडेलचा आणि वर्षाचा आहे का हे जुन्याशेजारी पसरून ताडून घ्यावं लागतं. हाताने बनवून घेतलं तर हवे तिथे रिले, ब्लेड फ्यूजचा डबा, बॅटरीजवळ मुख्य फ्यूज अशी सोय होते, मात्र सगळं करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. तीन-चार दिवस गाडी उभी राहते, मजुरी मोठी असते. एकाच जाडीची, एकाच रंगाची वायर सगळीकडे ओढणाऱ्याला हे काम देऊ नका. पैसे देऊनही आधीपेक्षा वाईट गाडी परत मिळेल.

गाडी कोणती, यावर बरंच ठरतं

१९८५ साली आलेल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन आणि यांत्रिक पंप. एकदा चालू झालं की त्याला वीज जवळजवळ लागतच नाही, फारतर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड. म्हणून वायरिंगचा कितीही गोंधळ असला तरी ती धक्का मारून घरी येते, आणि सगळं वायरिंग उपसून नवं टाकणंही हिशेबातलं काम असतं. सकाळच्या थंडीत अडत असेल तर हीटर प्लगचा करंट तपासा, सेल्फ दामटत बसू नका.

जिप्सीही १९८५ च्या अखेरीस आली, पण ती पेट्रोल. कार्बोरेटरवाल्या जिप्सीत कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर सांभाळले की निभतं. २००० सालापासूनच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीत ईसीयू, टाकीतला पंप आणि सेन्सर आले. तिथे इंजिनचं वायरिंग आणि बॉडीचं वायरिंग वेगळं धरा. बॉडीचं हवं तर नवं करा, इंजिनच्या वायरिंगला तोडजोड न करता फक्त कपलर स्वच्छ करा, पिना घट्ट करा, अर्थिंग नवं द्या.

२०१० नंतरची जुनी थार सीआरडीई (ईसीयूवर चालणारं डिझेल इंजिन) घेणार असाल तर हाच नियम आणखी कडक. सेन्सरच्या वायरी बहुधा ५ व्होल्टवर चालतात, त्यांना बल्बचा टेस्ट लॅम्प लावला तर नुकसान होऊ शकतं, तिथे मीटरच हवा. स्कॅनरशिवाय काम करणाऱ्या माणसाकडे ती गाडी देऊ नये. बंपर किंवा कॅरिअर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही केबली आणि ईसीयूचा कपलर काढून ठेवा. यांत्रिक पंपाच्या जीपेतही बॅटरी सोडाच, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. विकणारा सांगतो की इंजिनचं वायरिंग 'थोडंसं' बदललंय, तर किंमत कितीही कमी असली तरी ती गाडी मी सोडून देईन.

एमएच १३ ची (सोलापूर पासिंगची) पंधरा वर्षं पूर्ण झालेली गाडी पुन्हा पासिंगला न्यायची असेल तर काम त्याच्या महिनाभर आधी उरकून घ्या. हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर तिथे बघितलेच जातात, आणि नव्या वायरिंगमधले ढिले कपलर पहिल्या काही फेऱ्यांतच उघडे पडतात.

काम कुणालाही द्या, तीन गोष्टी आधी बोलून घ्या: काढलेलं जुनं वायरिंग मला परत हवं, फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा हे मराठीत लिहून हवं, आणि नव्या वायरींचा मार्ग कागदावर काढून हवा. या तीन गोष्टींना जो कारागीर आनंदाने हो म्हणतो, त्याने दोन दिवस जास्त मागितले तरी द्यावेत.