घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा तर: कंपनीचं ॲप, उघडा पोर्ट की स्वतःचा व्हीपीएन?

गावच्या घरी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) बसलाय आणि तो पुण्यातून किंवा परदेशातून बघायचाय, तर वाटा मुख्यतः तीन. त्यातली पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत येण्यासाठी राउटरमध्ये दार (पोर्ट) उघडायची, आधीच बाद करा. राउटरचा पोर्ट उघडला की डीव्हीआर तुम्हाला दिसतो तसा साऱ्या जगालाही दिसतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने मूळ पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. २०२१ मध्ये हाइकव्हिजन या कॅमेरा-कंपनीच्या अनेक मॉडेलांत जी त्रुटी सापडली, तिला तर पासवर्डही लागत नव्हता. शिवाय राउटरचा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे ही युक्ती चालणारच नाही.

उरली दोन.

कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन केला की पाच मिनिटांत चित्र येतं, वाटलेल्या पत्त्यावरही. प्रश्न मधल्या, कंपनीच्या सर्व्हरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘वाइझ’ या कॅमेरा-कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसली होती. पण आपल्याकडे त्याहून जवळचा धोका म्हणजे कॅमेरे बसवून देणारा. घाईत तो डीव्हीआर स्वतःच्याच खात्याला जोडतो, आणि ॲपच्या लेखी मालक तोच ठरतो. त्याच्या खात्यातून तो काढायला लावा, आपल्या नंबरावर जोडा, मग घरच्यांना शेअर करा. ॲडमिनचा पासवर्डही बदला. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवणारे कमी नाहीत.

व्हीपीएन म्हणजे इथे जाहिरातीतलं, देश बदलून दाखवणारं नव्हे. तुमचा फोन घरच्या वायफायवरच असल्यासारखा वागतो, एवढंच. वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर थेट चालवायचं तर सहसा स्वतःचा, न वाटलेला (पब्लिक) पत्ता लागतो. टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा आतून वायरगार्डच वापरते, पण वाटलेल्या पत्त्यातूनही वाट काढते आणि घरगुती वापराला फुकट आहे. डीव्हीआरवर ती बसत नाही, म्हणून घरी रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) किंवा जुना संगणक कायम चालू हवा; त्यालाच ‘सबनेट राउटर’, म्हणजे घरच्या बाकी यंत्रांपर्यंत पोचवणारा दुवा, करायचं. वीज गेली तरी तो आणि राउटर यूपीएसवर राहिले पाहिजेत, आणि वीज आल्यावर तो आपोआप चालू झाला पाहिजे. नाहीतर बटण दाबायला आईला फोन! आणखी एक अडचण: गावी आणि पुण्यात दोन्हीकडे घरातल्या यंत्रांच्या पत्त्यांची १९२.१६८.१ चीच मालिका असेल तर फोन गोंधळतो. गावच्या राउटरची मालिका आधीच बदलून ठेवा.

व्हीपीएनचा खरा तोटा निराळाच आहे. चित्रं कंपनीकडे जाऊ नयेत म्हणून डीव्हीआरचं इंटरनेट तोडलं, की हालचाल टिपल्याचं नोटिफिकेशन बहुधा बंद होतं, कारण ते कंपनीच्या सर्व्हरवरूनच येतं. फाटकावर कोण आलं हे तेव्हाच कळायला हवं असेल, तर ॲपच बरं; तिथे दिसून दिसून काय दिसणार, रस्ता आणि कुत्री. कॅमेरा माजघरात किंवा आजारी माणसाच्या खोलीत असेल, तर मी व्हीपीएनच निवडेन, नोटिफिकेशन गेलं तरी. मात्र गावात ते बिघडल्यावर दुरुस्त करणारं कुणीच नसेल, तर आतला कॅमेरा नकोच.

दोन्हींपैकी काहीही घ्या, गाव सोडण्याआधी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर चित्र येतंय का बघा. घरात बसून वायफायवर सगळंच चालतं.