ऑइल फिल्टरचा पाना: पट्ट्याचा घ्यावा की कपाचा?

घरी ऑइल बदलायला बसलेल्या माणसाचं घोडं ऑइलपाशी अडत नाही, फिल्टरपाशी अडतं. ड्रेन प्लगला, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या बुचाला, साधा रिंग पाना पुरतो. फिल्टर मात्र गोल, गुळगुळीत आणि हात जेमतेम जाईल अशा जागी बसवलेला. त्यामुळे पहिला प्रश्न येतो हत्याराचा, आणि त्यात मुख्य निवड दोन गोष्टींतली: पट्ट्याचा पाना, की फिल्टरच्या बुडावर बसणारा कप. मी चार वर्षं पट्टा वापरला, त्यानंतर कप घेतला. दोन्ही अजून घरात आहेत.

पट्ट्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. एकच पाना सगळ्या मापांना चालतो. माझ्या मामांकडे शेतावर एक जीप, एक ट्रॅक्टर आणि एक छोटी कार आहे. तीन फिल्टर, तीन मापं. त्यांना कप घ्या म्हणणं म्हणजे तीन कप घ्या म्हणणं. शिवाय जीप उंच, फिल्टरभोवती जागा मोकळी; पट्टा अडकवला, दांडा ओढला, काम झालं. फिल्टरची कंपनी बदलली, डबा थोडा जाड-बारीक निघाला, तरी पट्ट्याला फरक पडत नाही.

माझी गाडी पेट्रोल हॅचबॅक. फिल्टर इंजिन आणि सायलेन्सरच्या पाइपामध्ये, तोंड वर आणि बूड जमिनीकडे. इथे पट्ट्याचा दांडा दोन बोटं सरकला की पाइपाला टेकतो. मग पट्टा ढिला करा, दांडा मागे घ्या, पट्टा पुन्हा आवळा, पुन्हा दोन बोटं. हेही मी चालवून घेतलं असतं. पण फिल्टर जरा सैल झाला की ऑइलचा ओघळ डब्यावरून उतरतो आणि नेमका पट्ट्याखाली शिरतो. तेलकट पत्र्यावर पट्टा धरत नाही. पाठीवर झोपलेलो, कोमट ऑइल मनगटावरून कोपराकडे येतंय, दुसऱ्या हातात चिंधी, आणि पट्टा सुटून खाली सरकलेला: दर वेळी हेच. एकदा जोर करताना डबा चेपला आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला. मी पट्टा सोडला तो या एकाच त्रासामुळे. जास्त जागा असलेल्या गाडीत कदाचित हा त्रास जाणवणारही नाही.

कपाला बाजूची जागा लागतच नाही. तो बुडावरच्या पैलूंवर बसतो, त्यात एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारी कांडी) आणि रॅचेट (न काढता मागे-पुढे करत फिरवायचा दांडा), आणि दांडा खाली मोकळ्या हवेत फिरतो. ऑइल डब्यावरून ओघळलं तरी पकड पैलूंची असल्यामुळे सुटत नाही. अर्धा फेरा झाला की रॅचेट बाजूला ठेवून उरलेलं हातानं.

आणखी एक फायदा मला वापरताना कळला. फिल्टर बऱ्याचदा कपातच अडकून उभाच्या उभा खाली येतो, त्यामुळे त्याचं तोंड लगेच नजरेसमोर येतं. रबरी गास्केट, म्हणजे गळती रोखणारी कडी, फिल्टरसोबत आलं की नाही, हे तिथेच दिसतं. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन गास्केट एकावर एक येतात. इंजिन सुरू होऊन दाब आला की ऑइल तिथून फवाऱ्यासारखं उडतं. बोट फिरवून बसण्याची जागा पुसणं ही सवय कोणत्याही पान्यासोबत हवीच, पण पट्टा वापरताना फिल्टर माझ्या हातून निसटून तसराळ्यात पडायचा आणि हे बघायचं राहून जायचं.

कपाच्या उणिवा लपवत नाही. माप अगदी तंतोतंत लागतं. कपावर ६५/१४ असं काही कोरलेलं असतं, म्हणजे ६५ मिलिमीटर व्यास आणि १४ पैलू. मिलिमीटरभर सैल असला तर पैलू झिजतात, आणि मग शेवटी पट्टाच आठवतो. म्हणून मी दर वेळी त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा फिल्टर आणतो. पातळ पत्र्याचा कप मला टिकाऊ वाटला नाही, ओतीव घ्यावा.

दुसरी उणीव जास्त घातक. रॅचेट हातात असलं की नवा फिल्टरही त्यानंच आवळावासा वाटतो. तसं करू नये. गास्केटला नव्या ऑइलचं बोट लावायचं, फिल्टर हातानं फिरवत गास्केट टेकेपर्यंत न्यायचा, आणि तिथून पुढे पाऊण फेरा. बऱ्याच जपानी बनावटीच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टरच्या दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असतं. म्हणजे पाऊण फेऱ्यात रबर साधारण १.१ मिलिमीटर दाबलं जातं, तेवढं पुरतं. होंडाच्या काही फिल्टरवर फेरा मोजायला भोवती आकडे छापलेले असतात. इतर डब्यांवर मी मार्करनं रेघ मारतो. हात तेलकट असेल तर डब्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळून फिरवतो. पकड उत्तम येते. मग इंजिन अर्धा मिनिट चालवून खाली वाकून कुठे गळतंय का बघायचं, बंद करून थोड्या वेळानं डिपस्टिकनं ऑइलची पातळी.

स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिल्टर फिरवणारेही आहेत. पत्रा फाटतो आणि तोंडाकडची चकती इंजिनालाच राहते. तो पर्याय मी धरतच नाही.

घरात वेगवेगळ्या मापांच्या दोन-तीन गाड्या असतील आणि फिल्टरभोवती हात मोकळा फिरत असेल, तर पट्टा घेतलात तरी चूक म्हणणार नाही. एकच कार असेल आणि फिल्टर असा कोपऱ्यात दडलेला असेल, तर मी तुमच्या जागी कप घेईन. घ्यायला जाताना जुना फिल्टर पुसून पिशवीत घालून न्या, दुकानातच त्यावर कप बसवून डावी-उजवीकडे हलवून बघा. जरा जरी खडखडला, तर त्याच्या खालचं माप मागा.